हवा मोजणारी तार: सुपरचार्जर, सेन्सर आणि सोलापूरचा मे महिना

सोलापूरहून मी पुन्हा हजर आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आपण इथे इतिहास करतो, म्हणजे किल्ले, तह, लढाया. आज मात्र एका बारीक तारेचा इतिहास सांगणार आहे. केसासारखी बारीक तार, आणि काम काय, तर इंजिनाने किती हवा ओढली ते मोजायचं. ज्या गाड्यांत ही तार आहे, तिथे पेट्रोल किती सोडायचं ते तिच्या आकड्यावरूनच ठरतं. आणि ज्या गाड्यांत हवा पंपाने कोंबली जाते, म्हणजे सुपरचार्जरवाल्या गाड्या, तिथे ही तार फिटरलाही चकवते आणि मालकालाही. का चकवते, ते समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी हिशोब

पेट्रोल नीट जळायला एक ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलोचं, म्हणजे त्याला हवा लागली जवळपास ११ किलो. किलोत काही अंदाज येत नाही ना? मग असं बघा. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर येतो. तो अख्खा टँकर हवेने भरला, तर तेवढ्या हवेत जेमतेम एक लिटर पेट्रोल जळतं.

आता गंमत अशी, की हवेचं लिटर काही पक्कं माप नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर. मे महिन्याच्या दुपारी पारा ४२-४३ अंशांवर. तेव्हा एक घनमीटर हवेचं वजन भरतं अंदाजे १.०५ किलो. डिसेंबरच्या पहाटे, हुरड्याच्या दिवसांत, १५ अंशांवर तीच हवा भरते १.१६ किलो. म्हणजे त्याच शहरात, त्याच गाडीत, त्याच लिटरभर हवेत दहा टक्क्यांचा फरक! पेट्रोलला लिटरशी देणंघेणं नाही, त्याला वजन हवं. म्हणून हवा मोजायची ती ग्रॅममध्ये. आजच्या स्कॅनरवर आकडा येतो तो 'ग्रॅम प्रति सेकंद' असा, त्याचं कारण हे.

गिरणीतून निघालेला पंप

सोलापूरकरांनो, इथे जरा कान द्या. सुपरचार्जरचा जन्म एका कापडगिरणीत झालाय. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. पाणचक्कीच्या जागी काहीतरी बरं बसवावं म्हणून खटपट करताना त्यांच्या हाती वेगळंच यंत्र आलं. एका पेटीत एकमेकांत गुंतून फिरणारे दोन लोळे, एका बाजूने हवा घेतात, दुसऱ्या बाजूने ढकलतात. १८६० च्या दशकात हा 'रूट्स ब्लोअर' भट्ट्यांना वारा घालायला वापरला जाऊ लागला. मोटारगाडी तेव्हा जगात नव्हतीच.

पुढे १८८५ मध्ये गॉटलिब डाइमलर यांनी आपल्या इंजिनाच्या पेटंटमध्येच हवा दाबून भरण्याची कल्पना मांडून ठेवली. आणि १९२१ मध्ये मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या दाखवल्या. कल्पना साधी आहे. इंजिन स्वतःहून श्वास घेतं तेवढ्यावर भागत नाही, तर बाहेरून पंप लावा आणि हवा कोंबा. जास्त हवा, म्हणजे जास्त पेट्रोल, म्हणजे जास्त ताकद.

पण पंप बसवला की एक प्रश्न येतो, आणि आजच्या भागाचा गाभा हाच प्रश्न आहे. हवा मोजायची कुठे? पंपाच्या आधी, की पंपाच्या नंतर?

तेव्हा सेन्सर नव्हते, कार्ब्युरेटर होता. आपण त्याला पेट्रोल मिसळणारं भांडं समजतो, पण नीट पाहिलं तर तो हवा मोजणारं यंत्रच आहे. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या दाबाच्या फरकाने पेट्रोल ओढलं जातं. इटलीच्या व्हेंच्युरी यांनी हे १७९७ मध्ये लिहून ठेवलं होतं. विजेविना, प्रोग्रामविना चाललेला हिशोब आहे हा.

त्या काळच्या मर्सिडीज गाड्यांत पंप कार्ब्युरेटरच्या आधी असायचा. ॲक्सिलरेटर तळाला दाबला की क्लच लागून पंप फिरायचा आणि कार्ब्युरेटरमध्ये दाबाची हवा घुसायची. इंग्लंडच्या बेंटलीत उलटं. १९२९ च्या सुमाराला आलेल्या 'ब्लोअर बेंटली'मध्ये पंप गाडीच्या अगदी नाकावर, आणि कार्ब्युरेटर त्या पंपाला चिकटलेले. हवा आधी मोजली जायची, मग दाबली जायची. डब्ल्यू. ओ. बेंटली यांना स्वतःला हा पंप बिलकूल पसंत नव्हता. गाडी प्रचंड गाजली, पण ल मानची शर्यत ब्लोअर बेंटलीने कधी जिंकली नाही.

दोन कंपन्या, दोन जागा. कार्ब्युरेटर जिथे बसलाय तिथल्या हवेचाच हिशोब तो करणार, हे दोघांनाही माहीत होतं. फक्त कुठला त्रास पत्करायचा, ते दोघांनी वेगवेगळं ठरवलं.

होळकरांची डुजेनबर्ग

आपल्याकडे सुपरचार्जर आला तो राजेरजवाड्यांबरोबर. सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव दिलं गेलं, हे तुम्हाला माहीतच आहे. त्याच होळकर घराण्यातले इंदूरचे शेवटचे राज्यकर्ते, यशवंतराव होळकर दुसरे, हे आधुनिक वस्तूंचे मोठे दर्दी. त्यांचा माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांनी घडवला. आणि १९३० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी अमेरिकेतून डुजेनबर्ग 'एसजे' मागवली.

साध्या 'जे' मॉडेलचं इंजिन जवळपास सात लिटरचं, आठ सिलिंडर एका ओळीत, कंपनीचा दावा २६५ हॉर्सपॉवरचा. 'एसजे'मधला 'एस' सुपरचार्जरचा. तो लावला की आकडा ३२०. इंजिन तेच, लिटर तेवढेच, आणि ताकद पाचव्या हिश्श्याने वाढली. केवळ हवेच्या जोरावर. लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बॉडी बांधली, दोन माणसांची, केशरी आणि काळ्या रंगाची. आज ती जगातल्या नामवंत जुन्या गाड्यांत गणली जाते. योगायोग बघा, डुजेनबर्ग कंपनीही इंडियानाचीच, रूट्स बंधूंच्या राज्यातली.

त्या गाडीत हवा मोजायला कार्ब्युरेटरच होता. त्याला हाताशी लागायचा कानाने ऐकून ट्यूनिंग करणारा मेकॅनिक. महाराजांना तो परवडत होता. तुमच्या-माझ्या काळात ते काम तारेकडे आलं.

तारेची गोष्ट

चहा गरम आहे, फुंकर मारली की लवकर निवतो. फुंकर जोरात, तर निवणं लवकर. सेन्सरमागची सगळी कल्पना एवढीच आहे. १९१४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुई किंग यांनी तापलेल्या बारीक तारेवरून वारा गेला की किती उष्णता निघून जाते, याचं गणित मांडलं. म्हणजे तार ठरावीक तापमानाला ठेवायला किती वीज लागली, ते बघा. त्यावरून हवा किती गेली ते कळेल.

गाडीत ही तार यायला मात्र खूप वर्षं लागली. जर्मनीच्या बॉशने १९६७ मध्ये 'डी-जेट्रॉनिक' आणलं. 'डी' म्हणजे 'द्रुक', जर्मनमध्ये दाब. म्हणजे हवा मोजायचीच नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजून अंदाज बांधायचा. मग १९७३-७४ च्या सुमारास 'एल-जेट्रॉनिक' आलं. 'एल' म्हणजे 'लुफ्ट', हवा. त्यात हवेच्या वाटेत एक झडप, ती किती ढकलली गेली त्यावरून हिशोब. आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली गरम तार.

तारेचं मोठेपण कशात? तिला लिटर कळतच नाही, तिला वजन कळतं. विरळ हवेत रेणू कमी, ते उष्णता कमी नेतात, आकडा आपोआप कमी येतो. सोलापूरचा मे असो की डिसेंबर, तिला वेगळं सांगावं लागत नाही. तारेवर धूळ बसायची, म्हणून गाडी बंद केल्यावर क्षणभर तिला लालबुंद तापवून मळ जाळून टाकायची सोय केलेली होती. पुढे तारेऐवजी पातळ पत्र्यासारखी 'हॉट फिल्म' आली. आजच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी तीच असते. आपण तिला सरसकट 'एअर फ्लो सेन्सर' म्हणतो, स्कॅनर तिला 'एमएएफ' म्हणतो.

पुण्यात जोडलेले 'कॉम्प्रेसर'

भारतात हा बदल कायद्याच्या रेट्याने झाला. दिल्लीच्या प्रदूषणावरून १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात युरो नियम लवकर लावायला सांगितले, आणि १ एप्रिल २००० पासून देशभर 'इंडिया २०००' नियम आले. कार्ब्युरेटर मागे पडला, 'एमपीएफआय' हा शब्द जाहिरातींत आला. २०१७ मध्ये बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर. दर टप्प्याला हवेचा हिशोब आणखी काटेकोर होत गेला.

सुपरचार्जर आपल्याकडे आला तो मात्र पुण्यातून. मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ ची, गाड्यांची जुळवणी १९९५ पासून. पुढे तिथूनच सी-क्लासच्या पाठीवर 'कॉम्प्रेसर' अशी अक्षरं घेऊन गाड्या बाहेर पडल्या. २००८ ची सी २०० कॉम्प्रेसर घ्या. इंजिन १.८ लिटरचं, ताकद १८४ हॉर्सपॉवर. दोन-तीन वर्षांतच कंपनीने त्याच आकाराच्या इंजिनाला टर्बो लावला आणि तिथला कॉम्प्रेसर संपला. टाटांनी २००८ मध्ये घेतलेल्या जग्वार-लँडरोव्हरमध्येही सुपरचार्जरची मोठी व्ही-८ इंजिनं होती.

या सगळ्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात आहेत. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर, अशी एखादी गाडी स्वस्तात मिळते आणि कुणीतरी हौसेने घेऊन येतो. शोरूमचा पाठिंबा संपलेला असतो. मग चेक लाइट लागतो, आणि गोष्ट सुरू होते.

एक भोक, दोन उलट लक्षणं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या काकांकडे अशीच सुपरचार्जरवाली जुनी सेडान होती. उभी असताना इंजिन थरथरायचं, पिकअप गेलेला, स्कॅनरवर कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. एका गॅरेजने एअर फ्लो सेन्सर बदलला. काही हजार गेले, लाइट पंधरा दिवसांत परत. आता म्हणे दुसरा सेन्सर, 'ओरिजिनल' टाका.

मी म्हटलं, "काका, थांबा जरा. आठवडाभर आकडे गोळा करू."

काका म्हणाले, "काय बे, मोबाईलनं गाडी दुरुस्त होती का?"

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉग बघतो, मग हात लावतो. गाडीतही लॉग असतो. ओबीडीच्या सॉकेटमध्ये एक ब्लूटूथ डोंगल लावला की फोनवर आकडे येतात. त्यातले दोन बघायचे. एक, एमएएफ: किती हवा आली. दुसरा, फ्यूल ट्रिम: सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर धूर तपासून सांगतो, की हिशोब चुकला, पेट्रोल वाढवा किंवा कमी करा. ट्रिम अधिक, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय. ट्रिम उणे, म्हणजे कमी करतोय.

काकांच्या गाडीचे आकडे असे आले. उभ्या गाडीत ट्रिम +१८ टक्के. बिनलोड २५०० आरपीएमला +६. आणि चढावर, मध्यम बूस्टला −७.

आता डोळे मिटून हवेची वाट बघा. फिल्टर, मग सेन्सर, मग सुपरचार्जर, मग इंटरकूलर, मग थ्रॉटल, मग मॅनिफोल्ड. सेन्सर सगळ्यांच्या आधी बसलाय, बेंटलीच्या कार्ब्युरेटरसारखा. त्याच्यापुढे काय घडतं ते त्याला दिसत नाही.

सेन्सर आणि पंपाच्या मधला पाइप फाटला, तर तिथे कायम ओढ असते. न मोजलेली हवा सतत आत येते, ट्रिम सगळीकडे अधिक.

पंप आणि थ्रॉटलच्या मधला बूस्ट पाइप सुटला, तर मोजलेली हवा दाबाखाली बाहेर जाते. पेट्रोल सुटतं तिच्या हिशोबाने, हवा मात्र पोचत नाही. बूस्टला ट्रिम उणे, काळा धूर.

आणि थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवर भोक असेल तर? उभ्या गाडीत तिथे निर्वात, भोक हवा आत ओढतं, ट्रिम अधिक. बूस्टला तिथेच दाब, तेच भोक हवा बाहेर फेकतं, ट्रिम उणे. काकांच्या गाडीत हेच दिसत होतं. मळलेला सेन्सर असा वागत नाही. तो हवा कमी दाखवतो, आणि लोड वाढेल तशी ट्रिम अधिककडेच जाते. अधिकवरून उणेकडे चिन्ह उलटत नाही.

दुसऱ्या एका गॅरेजमधल्या म्हाताऱ्या फिटरचाचांना मी हे आकडे दाखवले. त्यांनी आकड्यांकडे कमी आणि इंजिनाकडे जास्त पाहिलं. इंजिन बंद ठेवून इनटेकचं तोंड बंद केलं, हलकी हवा सोडली आणि साबणाचं पाणी फिरवलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, त्यातलाच प्रकार. मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला एका रबरी नळीच्या बेचक्यात फेस आला. नळी आणि क्लॅम्प काही शेकड्यांत झाले. ट्रिम +३ वर आली. चाचा काकांना म्हणाले, "पोराचे आकडे बरोबर होते, पण भोक दाखवलं साबणाने." खरंच आहे ते.

हे एवढं मनावर का घ्यायचं?

पैसे वाचतात, हे एक. पण मोठं कारण वेगळं आहे. बूस्टमध्ये इंजिनात दाब आणि उष्णता दोन्ही जास्त. तिथे पेट्रोल कमी पडलं, तर मिश्रण वेळेआधी पेटतं, नॉकिंग होतं आणि पिस्टन वितळेपर्यंत पाळी येते. उणे ट्रिमवाली गाडी धूर काढते, पेट्रोल पिते, पण तग धरते. बूस्टला अधिक ट्रिम दाखवणारी गाडी मात्र तुम्ही हायवेवर ताणत असाल, तर ती आतून भाजत असू शकते.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. पहिली, अंदाज ठेवा: एका हॉर्सपॉवरमागे सेकंदाला साधारण ०.८ ग्रॅम हवा. म्हणजे १८४ हॉर्सपॉवरच्या गाडीत पूर्ण जोराला आकडा १४७ च्या आसपास हवा. सोलापूरच्या मेमध्ये त्यातले दहाएक टक्के कमी आले तर घाबरू नका, तो आपल्या उन्हाचा आकडा आहे. शंभरावर अडकला तर मात्र शोधा. पूर्ण ॲक्सिलरेटरला बऱ्याच गाड्यांत ट्रिम थिजते, म्हणून तेव्हा एमएएफचाच आकडा बघायचा.

दुसरी, पुली बदलून बूस्ट वाढवणाऱ्या मित्रांसाठी: सेन्सरलाही मर्यादा असते. आरपीएम चढतोय आणि एमएएफचा आकडा एका जागी सपाट झालाय, तर हवा थांबलेली नाही, मोजणं थांबलंय. त्यापुढची प्रत्येक ग्रॅम हवा कॉम्प्युटरच्या हिशोबाबाहेर आहे.

तिसरी, तेल लावलेला एअर फिल्टर घातलात तर ते तेल सेन्सरवर जाऊन बसतं आणि त्यावर आपली धूळ. सेन्सर फडक्याने पुसू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, तो मारा आणि वाळू द्या.

आपल्या सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ पासून कॅमशाफ्ट बनवते, म्हणजे इंजिनाच्या नाकपुड्या उघडझाप करणारा दांडा इथे घडतो आणि जगभर जातो. इंजिनाचा श्वास हा आपल्या गावाचा धंदा आहे. मग त्याचा हिशोब वाचता येणारी दहा-वीस पोरं इथल्या गॅरेजांत का नसावीत? डोंगल हजाराच्या आत मिळतो. अनुभवी चाचा जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये आहेत. दोघांनी एकत्र बसायला हवं, बस्स.

सेन्सर बदलायला सांगितला कुणी, तर एवढंच विचारा: "उभ्या गाडीत ट्रिम किती, आणि बूस्टला किती?" उत्तर आलं तर माणूस जाणकार आहे. नाही आलं, तर गाडी परत घेऊन या, आधी पाइप बघा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. हा भाग ज्याच्या गाडीचा चेक लाइट लागलाय अशा मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.